लोडरच्या बकेटचा सिलिंडर वाकला: रॉड सरळ करायचा, नवा टाकायचा की अख्खा सिलिंडरच घ्यायचा?

केळीबाग_रावेर | १७ मे, रात्री ९:१२

राम राम मंडळी. आमच्याकडे ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलेला आहे. पंप आणि टाकी वेगळी, ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टशी संबंध नाही. सहा वर्षं झाली, शेणखत भरणं, केळीचे खांब बांधावर ओढणं, मुरूम टाकणं, सगळं त्याच्यावरच.

परवा शेणखताचा ढीग पसरवताना बकेटच्या डाव्या सिलिंडरचा रॉड वाकला. डोळ्यांनी दिसतो एवढा. ग्लँडमधून, म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणातून, ऑइल धारेनं येतंय. शिवाय महिनाभरापासून भरलेली बकेट उचलून ठेवली की ती आपोआप हळूहळू पुढे झुकायची, त्याकडे आम्ही लक्ष दिलं नव्हतं.

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो प्रेसवर सरळ करून देतो. दुसरा म्हणतो नवा सिलिंडर घ्या. तिसऱ्यानं तर कंट्रोल व्हॉल्वही (लिव्हरनं ऑइल इकडे-तिकडे वळवतो तो) खराब आहे, दोन्ही बदला असं सांगितलं. मृगबाग लावायची आहे, शेतात अजून पन्नासेक ट्रॉल्या खत टाकायचं बाकी आहे. पैसे घालायला ना नाही, पण चुकीच्या ठिकाणी घालायचे नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठेवलेला नवा सालदार चालवत होता. त्याच्या सालातून कापावेत असं घरात म्हणणं आहे.

तापीकाठ_चोपडा | १७ मे, रात्री ९:४०

भाऊ, प्रेसवर सरळ करून घ्या. माझ्या टिपिंग ट्रॉलीचा जॅक तसाच सरळ केला, दोन हंगाम झाले, काही नाही. नव्याचा खर्च कशाला?

लेथकाम_धुळे | १७ मे, रात्री १०:२५

चोपड्याच्या भाऊंशी वाद नाही, पण ट्रॉलीचा जॅक आणि लोडरचा बकेट सिलिंडर एका मापानं मोजू नका. ट्रॉलीचा जॅक एका दिशेनं उचलतो, खाली ट्रॉली स्वतःच्या वजनानं येते. बकेटचा सिलिंडर दोन्हीकडून काम करतो, ढकलतोही आणि ओढतोही. त्याच्या रॉडवरून सील दिवसातून शेकडो वेळा घासत जातं.

रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, साधारण २० ते २५ मायक्रॉनचा. आतलं पोलाद वाकतं आणि प्रेसवर परत सरळही होतं. क्रोम मात्र काचेसारखा कडक असतो, तो वाकत नाही, तडकतो. या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगातून दिसतात. त्या चिरांतून गंज शिरतो, पापुद्रे सुटतात आणि सुटलेला क्रोम सीलला कानशीसारखा कापतो. म्हणजे आज सरळ केलेला रॉड पावसाळ्यानंतर परत गळायला लागतो.

माझ्या दुकानात मी एवढंच बघतो: रॉड दोन व्ही ब्लॉकवर ठेवायचा, मधोमध डायल (वाक मोजायचं काट्याचं घड्याळ) लावायचा आणि रॉड फिरवायचा. डायलचा काटा जेवढा फिरला त्याच्या निम्मा वाक. अर्ध्या-एक मिलिमीटरचा वाक असेल, क्रोम धड असेल, तर प्रेसवर काम होतं. डोळ्यांनी दिसणारा वाक असेल तर मी हात लावत नाही, नवा रॉड बनवतो. तुमचा किती आहे?

पांझराकाठ_साक्री | १७ मे, रात्री १०:५१

आमना आठे बी तीच गत व्हयनी व्हती भाऊ. प्रेस करी आणं, तीन महिनामा परत ऑइल. शेवटी नवा रॉड टाका.

भुसावळ_फिटर | १८ मे, सकाळी ६:३०

मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. सिलिंडर खोलण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट जिवाची. बूम (बकेट उचलणारा लोडरचा हात) वर ठेवून एकही होज (ऑइलचा रबरी पाइप) सैल करू नका. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर दोन्हीकडे चार-पाच वेळा हलवा म्हणजे होजमधला दाब उतरेल. बूम वर ठेवावीच लागली तर तिला लोखंडी टेकू द्या, लाकडी ओंडका नाही. गळती शोधायला हात फिरवू नका. दीडशे-दोनशे बारच्या दाबाची बारीक धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत ऑइल पसरून बोट कापायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

दुसरी गोष्ट कंट्रोल व्हॉल्वची. तो इतक्यात बदलू नका. तुमची भरलेली बकेट पुढे झुकते म्हणता. नीट विचार करा. बकेटमधलं वजन बकेट पुढे पाडायला बघतं, म्हणजे रॉडला बाहेर ओढतं. त्याला अडवून कोण धरतं? पिस्टनच्या रॉडकडच्या बाजूचं ऑइल. ते ऑइल ज्या तोंडाशी थांबतं, ते तोंड म्हणजे ग्लँड. तिथूनच गळती आहे. म्हणजे बकेट झुकायचं कारण तुमच्या डोळ्यांसमोर टपकतंय. रॉड थोडा आधीच वाकला असेल आणि महिनाभर सील खात असेल, अशी मला शंका आहे. पिस्टनचं सील गेलं असेल तरी हेच होतं, व्हॉल्वचा स्पूल (आतला सरकता दांडा) घासला असेल तरी हेच. पण स्वस्तातलं आधी तपासा.

पिस्टनचं सील तपासायचं तर सिलिंडर उतरवून टेबलावर. ट्रॅक्टरवर दोन्ही सिलिंडर एकाच लाइनवर असतात, तिथे हा खेळ करू नका. रॉड पूर्ण बाहेर, रॉडकडचं पोर्ट (ऑइल आत-बाहेर जायचं भोक) उघडं, बुडाच्या पोर्टाला हँडपंपानं दाब द्या. उघड्या पोर्टातून ऑइल येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. आलं नाही तर पिस्टन धड.

केळीबाग_रावेर | १८ मे, सकाळी ८:०५

नाना, हे कोणी समजावलंच नव्हतं. दुकानदारानं तर व्हॉल्वचा भाव लिहून दिला होता. आज दोन्ही सिलिंडर उतरवतो. पिन निघत नाहीये, घण घालू का?

भुसावळ_फिटर | १८ मे, सकाळी ८:२०

घणाचा घाव रॉडच्या डोळ्यावर (पिन जाते त्या कड्यावर) नको. बकेट नीट टेकली आहे ना बघा. पिनवर वजन असेल तर ती हलणारच नाही. बकेट जॅकवर केसभर वर-खाली करा, पिन मोकळी होईल. तांब्याचा किंवा पितळेचा ठोकळा मध्ये ठेवून ठोका. गॅसनं तापवायचा विचार करू नका, सिलिंडर ऑइलनं भरलेला आणि पोर्ट बंद असताना तर मुळीच नाही. बंद नळा तापला की आतलं ऑइल फुगतं आणि ग्लँड गोळीसारखा सुटतो. त्याच कारणासाठी अडकलेला रॉड कॉम्प्रेसरच्या हवेनं बाहेर काढू नये. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारणारे मी पाहिले आहेत, फार वाईट परिणाम होतो.

होज सोडल्यावर दोन्ही तोंडांना प्लग. प्लग नसेल तर स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

वीटभट्टी_वरणगाव | १८ मे, दुपारी १:१५

माझा लोडर दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख भरतो. एक अनुभव सांगतो. राखेचे कण रॉडवर बसतात आणि रॉड आत जाताना वायपर सील ते पुसतं. वायपर फाटला की तीच राख ग्लँडमध्ये जाते, मग ऑइलमध्ये, मग पंपात. मी दोनदा फक्त मोठं सील बदललं आणि वायपर जुनाच ठेवला, दोन्ही वेळा पैसे वाया गेले. खतातही माती-वाळू असतेच. सील किट पूर्ण घ्या, सुटं सील नको.

केळीबाग_रावेर | १८ मे, रात्री ९:३०

दोन्ही उतरवले. डाव्याचा ग्लँड आट्यांचा होता, सी-पान्यानं सुटला. मापं अशी: नळ्याचा आतला व्यास ६३, रॉड ३५, स्ट्रोक ४००, रॉड आत असताना पिन ते पिन ६३०, सगळं मिलिमीटरमध्ये.

आत काय दिसलं ते सांगतो. ग्लँडमधलं बुश (रॉडला आधार देणारी आतली कडी) एका बाजूनं घासून अंडाकृती झालंय. नायलॉनची गाइड रिंग तुटून तिचे तुकडे पिस्टनपाशी अडकले होते. पिस्टनचं सील मात्र शाबूत, खोलायच्या आधी हँडपंपावर तपासलं तेव्हाही थेंब आला नाही. नळ्यात बॅटरी मारून पाहिलं, तोंडाजवळ खालच्या अंगाला चार बोटं लांबीचे ओरखडे आहेत. रॉड सरळ पट्टीवर ठेवला तर मधोमध बारा मिलिमीटरची फट.

लेथकाम_धुळे | १८ मे, रात्री ९:५२

बारा मिलिमीटर! तो रॉड भंगारात. त्यावर आता चर्चा नको.

नळ्याचा ओरखडा नखानं बघा. नख आडवं फिरवलं आणि अडकलं नाही तर हलकं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) करून नळा चालतो. नख अडकलं तर होनिंग जास्त करावं लागेल, व्यास वाढेल आणि ६३ चं सील सैल पडेल. मग होन केलेला तयार नळा विकत मिळतो, त्याला बूड आणि पोर्ट वेल्ड करून घ्यावे लागतात. तिथपर्यंत खर्च गेला तर मी गिऱ्हाईकाला सांगतो की नवा सिलिंडरच घ्या. माझा हिशेब असा आहे: दुरुस्ती नव्याच्या निम्म्यापेक्षा वर गेली तर दुरुस्ती करू नये. निम्म्याच्या आत असेल आणि नळा धड असेल तर नवा रॉड टाकावा.

आणि उजवाही माझ्याकडे किंवा कुठल्याही चांगल्या लेथवर डायलखाली फिरवून घ्या. एक भाऊ वाकला तेव्हा दुसऱ्यानंही मार खाल्लेला असतो.

शहादा_शेतकरीण | १९ मे, सकाळी ७:१०

दादा, एक विचारते. रॉड वाकला कसा, हे शोधलं का? आमच्याकडे नवा सिलिंडर टाकला आणि पंधरा दिवसांत परत वाकला. तेव्हा कळलं की दोष सिलिंडरचा नव्हता.

केळीबाग_रावेर | १९ मे, सकाळी ७:४५

ताई, सालदाराला शांतपणे विचारलं. तो म्हणाला, ढीग पसरवून झाल्यावर बकेट पूर्ण खाली वळवून, तिची धार जमिनीला टेकवून, ट्रॅक्टर मागे घेत जमीन सपाट करत होतो. बांधाजवळ जुन्या केळीच्या रांगेत एक दगड पुरलेला होता, त्यात डावा कोपरा अडकला.

भुसावळ_फिटर | १९ मे, सकाळी ८:३०

ताईंनी नेमका प्रश्न विचारला. सगळी कथा इथेच आहे.

बकेट खाली वळवली म्हणजे दोन्ही रॉड पूर्ण बाहेर. लांब काठी टेकवून दाबली की आखूड काठीपेक्षा लवकर वाकते, तसंच. रॉडची मोकळी लांबी दुप्पट झाली तर वाकण्याआधी सोसायचं बळ चौथाई होतं. अशा वेळी ट्रॅक्टर मागे घेतला आणि बकेटची धार अडकली, की धार पुढे ओढली जाते, बकेटची वरची बाजू मागे येते आणि रॉडवर सरळ दाब पडतो. तोही एकाच कोपऱ्यातून, म्हणजे एकाच रॉडवर.

आता तुम्ही म्हणाल, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व असतो की. असतो, पण तो पंपाच्या बाजूला असतो. लिव्हर मध्यावर असताना सिलिंडरमधलं ऑइल स्पूलनं कोंडलेलं असतं, त्याला मेन रिलीफचा रस्ताच नसतो. ६३ च्या नळ्यात १६० बारला सिलिंडर साधारण ५ टन ढकलतो. पण बाहेरून ट्रॅक्टरचं वजन आणि वेग आला तर कोंडलेल्या ऑइलचा दाब त्याच्याही वर जातो, आणि ऑइल दबत नाही म्हणून रॉड दबतो. काही लोडरच्या व्हॉल्वमध्ये बकेटच्या लाइनवर वेगळा शॉक रिलीफ असतो. तुमच्यात आहे का बघा. नसेल तर बसवून घेता येतो, आणि मी म्हणेन नव्या व्हॉल्वपेक्षा तो खर्च करा.

सालदाराचे पैसे कापू नका. मागे ओढत सपाटी करताना बकेट पूर्ण वळवायची नसते, हे त्याला कोणी सांगितलं होतं का? सपाटीच करायची तर बकेटचं बूड जमिनीला सपाट टेकवून, रॉड बराचसा आत ठेवून, गाडी हळू मागे घ्यायची.

तापीकाठ_चोपडा | १९ मे, सकाळी ९:०२

मला वाटतं ३५ ऐवजी ४० चा रॉड टाका, कायमची कटकट जाईल.

लेथकाम_धुळे | १९ मे, सकाळी १०:४०

विचार बरोबर दिशेचा आहे. ३५ चा ४० केला तर वाकण्याला विरोध साधारण ७० टक्के वाढतो. पण त्यासोबत काय काय बदलतं ते बघा. ग्लँड नवा लागेल, पिस्टनमधलं भोक बदलेल. रॉडकडच्या बाजूला ऑइलला जागा कमी उरेल, म्हणजे बकेट ओढून घेण्याची ताकद १६० बारला साडेतीन टनांवरून तीन टनांवर येईल. एकाच बाजूला ४० टाकला तर डावी-उजवी बाजू वेगळ्या ताकदीनं ओढेल आणि बकेट पिळेल. दोन्ही करा नाहीतर एकही नको. आणि दगड अडकणारच असेल तर रॉड वाचेल, मग बूमवरचं ब्रॅकेट उखडेल. ते दुरुस्त करणं रॉडपेक्षा अवघड. मी ३५ च ठेवीन.

रॉड बनवताना लेथवाल्याला तीन गोष्टी सांगा. तयार हार्ड क्रोम बार वापर, ईएन ८ किंवा त्याच्या बरोबरीचा. जुना डोळा वेल्ड करताना ७०१८ ची काडी, बार आधी गरम करून आणि वेल्ड झाल्यावर हळू थंड होऊ देऊन. या पोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, थंड बारवर घाईनं वेल्ड केला तर शेजारीच तडा जातो. तिसरं, वाकलेला भाग कापून मध्येच नवा तुकडा जोडतो म्हणाला तर सिलिंडर उचलून परत या.

शहादा_शेतकरीण | १९ मे, सकाळी ११:२०

आमचं तेच निघालं होतं. बकेटच्या पिनांचे बुश झिजून भोकं लांबट झाली होती. एक बाजू आधी भार घ्यायची, दुसरी नंतर. ग्रीस कोणी मारतच नव्हतं. बुश आणि पिना बदलल्या, मग थांबलं.

केळीबाग_रावेर | २२ मे, रात्री ८:१५

तीन दिवस गावात नव्हतो, सिलिंडर घेऊन धुळ्याला जाऊन आलो.

ओरखड्यात नख अडकलं नाही, हलक्या होनिंगवर भागलं. डाव्याला नवा क्रोम रॉड, ग्लँडला नवं बुश, पूर्ण सील किट. उजवा रॉड डायलखाली फिरवला तर काटा १ मिलिमीटर फिरला, म्हणजे वाक अर्धा. क्रोम भिंगाखाली पाहिला, चीर नाही. तो प्रेसवर सरळ करून घेतला, काटा जवळजवळ स्थिर आला. म्हणजे चोपड्याच्या भाऊंचंही एका बाजूला खरं ठरलं. त्याचीही सगळी सीलं बदलली. दोन्ही मिळून खर्च एका नव्या सिलिंडरच्या निम्म्याहून थोडा कमी आला.

ताईंनी सांगितल्यावर बुश पाहिले. डावीकडचे दोन्ही झिजलेले होते, पिनेवर पायरी पडली होती. तेही बदलले. शॉक रिलीफ आमच्या व्हॉल्वमध्ये नाही, पावसाळ्यात काम थंडावलं की बसवणार.

उद्या जोडणी आहे. सील बसवताना आणि ऑइल भरताना काय सांभाळू?

भुसावळ_फिटर | २२ मे, रात्री ८:५०

सीलचं ओठ दाबाच्या बाजूला, म्हणजे ऑइलकडे. वायपरचं ओठ बाहेर, धुळीकडे. उलटं बसलं तर पहिल्या दिवसापासून गळेल. पॉलियुरेथेनची सीलं कडक वाटली तर गरम पाण्यात ठेवा, मऊ होतात. स्क्रूड्रायव्हरनं कोंबू नका. नळ्याच्या आट्यांवरून सील जाताना कापलं जातं, म्हणून आट्यांवर पातळ पत्रा गुंडाळून आत सरकवा. सगळ्याला स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल लावा, ग्रीस नाही. पिस्टनचा नट पूर्ण आवळा आणि लॉकनट नवाच घ्या. तो नट आत सुटला तर नळा, पिस्टन, सगळं जातं.

रिंगचे तुकडे सापडले म्हणता, म्हणजे ऑइलमध्येही कण असणार. टाकी रिकामी करून पुसा, फिल्टर बदला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टाकी हाताला चटका देते. कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर मी ६८ ग्रेडचं (जास्त घट्ट) ऑइल घेतो, ४६ चं उन्हात पातळ पडतं.

जोडल्यावर बकेट रिकामी ठेवून, इंजिन हळू चालवून, दोन्ही रॉड सात-आठ वेळा शेवटपर्यंत आत-बाहेर करा. हवा निघून जाईल आणि धक्के थांबतील. ऑइलची पातळी रॉड आत असताना बघा, बाहेर असताना भराल तर टाकी ओसंडेल.

वीटभट्टी_वरणगाव | २२ मे, रात्री ९:३०

आणि उभा करताना बकेट जमिनीवर आणि रॉड जमेल तितके आत. शेणखत-युरियाच्या कामानंतर रॉड ओल्या फडक्यानं पुसून तेलाचा हात द्या. उघडा रॉड पावसात ठेवला की क्रोमला ठिपके पडतात.

केळीबाग_रावेर | ३१ मे, सायंकाळी ६:४०

आठ दिवस रोज काम केलं. बावीस ट्रॉल्या खत पडलं. ग्लँड कोरडा. नानांच्या सांगण्यावरून एक केलं: रात्री भरलेली बकेट टेकूपासून दोन बोटं वर ठेवली, रॉडवर ग्लँडला लागून खडूची रेघ मारली. सकाळी रेघ जिथल्या तिथे. व्हॉल्व बदलावा लागला नाही.

सालदाराला शेतात उभं करून दाखवलं, बकेट कशी टेकवायची, रॉड किती बाहेर राहू द्यायचा. त्यानं स्वतःहून बांधाच्या कडेचे पुरलेले दगड शोधून त्यांच्यापाशी काठ्या रोवल्या. पैसे कापले नाहीत. रोज सकाळी पिनांना ग्रीस तोच मारतो.

पांझराकाठ_साक्री | ३१ मे, रात्री ८:१०

भलतं बेस काम व्हयनं भाऊ. एक इचारनं शे, होजना आटा कोणता व्हता? माले बी होज बदलना शेत.

केळीबाग_रावेर | ३१ मे, रात्री ८:३२

आमचा ३/८ बीएसपी, म्हणजे इंची मापाचा आटा आहे भाऊ. पण तुमचा बघूनच घ्या, जुना निपल सोबत न्या. मेट्रिकचा आटा दोन फेरे बसतो आणि मग अडकतो, जोर लावला तर पोर्टाचे आटे जातात.